रजतपटाचे मानकरी : न गाणारा नट – केशवराव दाते

दिनांक १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला आणि आपल्या चित्रपटाला वाचा फुटली, असे सर्वत्र लिहिले जाते. खरे सांगायचे तर वाचा फुटण्याआधी त्याला कंठ फुटला. ‘आलम आरा’त सात गाणी होती आणि दुसऱ्याच वर्षी निघालेल्या ‘इंद्रसभा’त तर त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. प्रेक्षक बोलणे ऐकायला नव्हे, गाणे ऐकायला जात होते. साहजिकच चित्रपट कंपन्यांनी आपली दृष्टी गवयांकडे आणि संगीत नाटकांतील नटांकडे वळवली. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. जो दिसायचा त्यानेच गायचे, कॅमेरा फिरत असतानाच गायचे, आणि पेटी-तबलेवाल्यांनी झाडाआड किंवा पडद्याआड दडून साथ करायची, असा तो काळ. अशा काळात ज्याची ख्याती गाण्यासाठी मुळीच नव्हती असा एक नट वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर आला आणि मराठी बोलपटाला बोलायचे कसे ते दाखवून गेला. या वेळचे आपले मानकरी आहेत ते केशवराव दाते.

केशवरावांचा जन्म १८८९ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे गावचा. विशी उलटण्याआधीच ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. या मंडळीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कारण केशवरावांच्या पुढील साऱ्या यशाचे बीज तिथेच आहे.

त्या काळच्या मराठी रंगभूमीवर दोन घराणी नांदत होती, असे म्हणता येईल. एक संगीत नाटकाचे. किर्लोस्करांपासून बालगंधर्वांपर्यंत ज्याची कीर्ती घरोघर पोचली, ते. दुसरे गद्य नाटकाचे. आगरकरांनी मराठीत आणलेला ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर उभा करून गणपतराव जोशी यांनी या दुसऱ्या घराण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. महाराष्ट्र नाटक मंडळी ही याच घराण्यातली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ या मंडळीनेच रंगभूमीवर आणले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी बरोबर ओळखले, सरकारनेही ओळखले, आणि १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. गडकऱ्यांचे ‘प्रेमसंन्यास’ हेही याच मंडळीचे. या नटांच्या हाती तंबोरा नव्हता. प्रसंग कोमट झाला, वाक्य पडले, तर पद म्हणून सावरून घेण्याची सोय नव्हती. संगीत नाटकातल्या नटाला एक ‘वन्स मोअर’ मिळाला की मागचे दहा दोष धुऊन निघत. गद्य नटाच्या नशिबी हा गंगास्नानाचा योग नसे. त्याला शब्दावरच उभे राहावे लागे : शब्द कोठे तोडायचा, कोठे गिळायचा, कोणता स्वर हलकेच सोडून द्यायचा, आणि सर्वांत कठीण म्हणजे कोठे गप्प राहायचे. पंचवीस वर्षे केशवरावांनी या शाळेत काढली.

गद्य रंगभूमीचाही एक दोष होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मायक्रोफोन नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या रांगेतल्या चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवायचा, म्हणजे तो फेकावा लागे. आवाज फेकता फेकता पुष्कळ नटांचे बोलणे व्याख्यान होऊन जाई. आईला हाक मारतानाही ते जणू सभेला उद्देशून बोलत. बोलपटाचा मायक्रोफोन नेमका याच ठिकाणी नाटकी नटाची परीक्षा घेई. त्या वेळच्या पद्धतीत ध्वनी फिल्मवर प्रकाशाच्या साहाय्याने रेघांच्या रूपात उमटवला जाई. आवाज मर्यादेबाहेर चढला की ती रेघ आपल्या जागेत मावत नसे आणि चित्रगृहात ऐकू येई तो केवळ खरखराट. त्याउलट सहज बोलणे, निःश्वास, खाकरणे हे सारे यंत्र इमानाने टिपून घेई. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक एकदम दोन हातांवर येऊन बसला होता. ज्यांना हे उमगले ते तरले. ज्यांना उमगले नाही त्यांची रंगभूमीवरची सारी पुण्याई पडद्यावर कामी आली नाही.

हा फरक केशवरावांना पडद्यावर येण्यापूर्वीच कळला असावा, असे मानायला जागा आहे. १९३३ मध्ये मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ नावाची संस्था निघाली. पार्श्वनाथ आळतेकर, के. नारायण काळे, अनंत काणेकर, केशवराव भोळे अशी नव्या विचारांची माणसे तिच्यात होती आणि त्या तरुणांमध्ये वयाने वडील असे केशवराव दातेही होते. १ जुलै १९३३ रोजी या संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केलेल्या, रंगमंचावर खरीखुरी वाटणारी खोली, पदांची गर्दी नाही आणि प्रेक्षकांकडे तोंड करून केलेली भाषणे नाहीत. माणसे घरात बोलतात तशी रंगमंचावर बोलत होती. नाट्यमन्वंतर फार काळ टिकले नाही. आपल्याकडे नव्या गोष्टी टिकत नाहीत, पण त्यांचे वळण मागे राहते, तसेच हेही.

याच सुमारास, म्हणजे १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली. पुण्यात तयार झालेला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, साल १९३४. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेली ही कथा. यज्ञात पशूंचा आणि माणसांचा बळी देण्यास राजा बंदी करतो आणि चंडीचा उपासक राजगुरू त्या राजाच्याच जिवावर उठतो. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ही राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांना आणि हिंदीत चंद्रमोहन यांना दिली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांचा नेहमी येथे घोटाळा होतो. प्रभातचे बोलपट बहुधा दोन भाषांत निघत. आजच्यासारखे एका भाषेतले चित्र घेऊन त्यावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवण्याची पद्धत नव्हती. तोच देखावा, तीच दिव्यांची मांडणी ठेवून प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत वेगळा चित्रित करीत. काही नट दोन्हींत असत, काही बदलत. त्यामुळे एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तसे एका चित्रपटाचे दोन संसार होत. चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीनिमित्त जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाने शेजारच्या पंजाबी घरात ‘कुंकू’चे कौतुक आरंभले, तर त्या घरातील वडीलधाऱ्यांना काही बोध व्हायचा नाही, ‘दुनिया न माने’ म्हणताच मात्र ओळख पटेल. ‘शेजारी’ म्हणजे त्यांचा ‘पडोसी’.

‘अमृतमंथन’चा राजगुरू म्हटला की बहुतेकांना आठवतो तो पडदाभर पसरलेला एक डोळा. टेलिफोटो भिंगाने घेतलेले ते निकटदृश्य आपल्या चित्रपटसृष्टीत फार गाजले. चंद्रमोहन यांना निसर्गाने विलक्षण डोळे दिले होते आणि त्या डोळ्यांनी त्यांचे नाव एका चित्रपटात देशभर केले. केशवरावांपाशी तसे डोळे नव्हते. त्यांना तोच धर्मवेडा माणूस बोलण्यातून उभा करायचा होता. दोघेही पडद्यावर नवखे. परंतु एक तरुण, चेहऱ्याचे देणे घेऊन आलेला, तर दुसरा पंचेचाळिशीचा, पंचवीस वर्षांची कमाई घेऊन आलेला. चंद्रमोहन ‘पुकार’मध्ये जहांगीर झाले, मोठे नाव मिळवून १९४९ मध्ये गेले. लोकप्रियतेच्या तराजूत केशवरावांचे पारडे हलकेच राहिले. पण भूमिकेगणिक नवा माणूस होण्याचे सामर्थ्य तोलले, तर निवाडा कोणाच्या बाजूने जाईल याविषयी मला शंका नाही.

गळा हाच भांडवल असलेल्यांचे काय झाले, तेही पाहू. मराठी रंगभूमीचे सम्राट बालगंधर्व पुढल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. गंधर्वांचा गळा आणि शांतारामांचे दिग्दर्शन, यापरते भाग्य ते कोणते, असे कोणालाही वाटावे. पण ज्या स्त्रीवेषात महाराष्ट्राने त्यांना हृदयाशी धरले होते तो येथे नव्हता आणि चित्रपटाशी त्यांचे सूत जमले नाही. ते परत रंगभूमीकडे गेले. यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. गंधर्वांची कला ही प्रेक्षकांच्या समोर, त्यांच्या दादेवर फुलणारी. स्टुडिओतल्या शांततेत, तुकड्यातुकड्यांनी काम करताना तिला ती हवा मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पाश्चात्त्य देशांतही थोडेफार असेच घडले. बोलपट आले तसे हॉलिवूडला बोलणारी माणसे हवीशी झाली आणि लंडनच्या रंगभूमीवरचे प्रौढ नट जहाजे भरून तिकडे गेले. त्यांतले एक सर सी. ऑब्रे स्मिथ. गंमत अशी की केशवराव जन्मले त्याच १८८९ साली हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते! पुढे नट झाले, सत्तरीच्या आसपास हॉलिवूडला गेले आणि भरघोस भुवया व पल्लेदार मिशा मिरवीत कर्नल, सरदार, आजोबा अशा भूमिका अखेरपर्यंत करीत राहिले. ‘प्रिझनर ऑफ झेंडा’मधला त्यांचा कर्नल झाप्ट पुष्कळांच्या स्मरणात असेल. तथापि ऑब्रे स्मिथ यांच्याकडून लोकांना दर वेळी ऑब्रे स्मिथच हवे असत. केशवरावांकडून लोकांची अशी काही ठरीव अपेक्षा नव्हती, आणि त्यामुळेच १९३७ मध्ये त्यांना जे करता आले ते करता आले.

आता ‘कुंकू’कडे वळतो. कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांची. कादंबरीचे नाव ‘न पटणारी गोष्ट’. पैशाच्या लोभाने मामा नीरा नावाच्या तरुण भाचीचे लग्न एका प्रौढ विधुर वकिलाशी लावून देतो. नीरा त्याच्या घरी येते, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ही नीरा अशा तेजाने रंगवली की ‘कुंकू’ म्हणताच आजही प्रथम त्याच आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या भिंतीवर ती धडका देते ती भिंत म्हणजे केशवरावांचे काकासाहेब.

जरठकुमारी विवाहाचा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांचे ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून म्हातारा नवरा म्हणजे भुजंगनाथ, ही खूणगाठ पक्की झाली होती. बोळके तोंड, बाशिंगाची हौस, आणि प्रेक्षागृहात हशा. ‘शारदे’ने समाजावर मोठा उपकार केला यात शंका नाही. परंतु हसण्यात एक सोयही असते. भुजंगनाथाला हसणारा प्रत्येक पुरुष मनात म्हणतो की हा मी नव्हे. केशवरावांनी ही सोय काढून घेतली. त्यांचे काकासाहेब हास्यास्पद नाहीत. ते सुशिक्षित आहेत, प्रतिष्ठित आहेत, त्यांना मोठी झालेली मुले आहेत. ते बायकोला मारझोड करणारेही नाहीत. घरात बाई हवी, एवढीच त्यांची मागणी आहे आणि तिच्यात काही अन्याय आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. अशी माणसे प्रेक्षागृहात रांगेने बसलेली होती. काहींच्या शेजारी त्यांची नीराही बसली असेल.

ही भूमिका केली तेव्हा केशवराव अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी रंगवलेले वार्धक्य हे केवळ मेकअपचे नव्हते. ते बोलण्याच्या लयीत होते, उठण्या-बसण्यात होते. दरारा दाखवायला जावे आणि वाक्याच्या मध्यावरच त्याचा धीर सुटावा, असे कित्येकदा होते. त्यात शांतारामांनी या चित्रपटात एक धाडस केले होते. पार्श्वसंगीत पूर्णपणे वर्ज्य! जे संगीत ऐकू येते ते चित्रातल्या ग्रामोफोनमधून किंवा पात्राच्या तोंडून. बाकी घरातले आवाज, भिंतीवरच्या घड्याळाचे टक्‌टक्. इतर बोलपटांत नट थोडा कमी पडला तर व्हायोलिन त्याला हात देई. येथे काकासाहेब गप्प झाले की खोली गप्प होते. संगीताचा आधार न घेता उभे राहण्याची सवय असलेला नटच हे पेलू जाणे, आणि मला वाटते, गद्य रंगभूमीने मराठी चित्रपटाला जे दिले त्याचा याहून स्वच्छ दाखला नाही.

आरशाचा प्रसंग पुष्कळांनी वाखाणला आहे. फुटलेल्या काचेत काकासाहेबांना आपलीच अनेक रूपे आपल्याला हसताना दिसतात. ही कल्पना दिग्दर्शकाची, करामत कॅमेऱ्याची. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा उतार. माणसाला आपली चूक कळणे हे चित्रपटांत बहुधा एका रडण्यात उरकले जाते. केशवराव ते उरकत नाहीत. काकासाहेबांचा अहंकार ते एकेक चिरा काढावा तसा उतरवतात. घरातील विधवा मुलगीही नीरेच्या बाजूला उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रचारासाठी लोकांची बोलणी सोसणाऱ्या या बाई, त्यामुळे त्यांच्या तोंडची वाक्ये पाठ केलेली वाटत नाहीत. शेवटी काकासाहेब स्वतःचा जीव देऊन नीरेला त्या बंधनातून मोकळे करतात. हा शेवट मला आजही पटत नाही. नवरा मेल्यावाचून बाईची सुटका नाही, असे जणू कथाच कबूल करते. त्या शेवटाबद्दल राग येतो तो कथाकाराचा. त्या माणसाचा राग मात्र तोवर उरलेला नसतो. प्रेक्षकाने क्षमा करावी अशी याचना केशवराव कोठेही करीत नाहीत, आणि तरी कीव येते. हिंदी ‘दुनिया न माने’तही ही भूमिका त्यांनीच केली आणि ते चित्र व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेले.

चार वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘शेजारी’ आला. विश्राम बेडेकरांच्या या कथेत जिवबा आणि मिर्झा हे दोन जिवलग वृद्ध शेजारी आहेत. गावाजवळ धरण बांधणारा कंत्राटदार स्वार्थासाठी त्यांच्यात फूट पाडतो. अखेर धरण फुटते आणि दोघे मित्र हातात हात घेऊन मरणाला सामोरे जातात. मराठीत जिवबा केशवरावांचा आणि मिर्झा गजानन जागीरदारांचा. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण त्यांचा हिंदू मित्र ठाकूर झाला मझहर खान. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू रंगवला. ती योजना फार सुंदर होती आणि तिचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे. मराठी आवृत्तीत तो योग नव्हता. पण तेथे केशवराव आणि जागीरदार ही एकाच भाषेत वाढलेली दोन माणसे होती, आणि त्यांच्या भांडणाला व अबोल्याला घरगुती बोलीचा जो कडवट गोडवा आहे तो मला हिंदीत सापडत नाही.

‘शेजारी’नंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यांनी १९४२ मध्ये मुंबईस ‘राजकमल’ काढले आणि केशवरावही पुढे तिकडे आले. ‘भक्तीचा मळा’ हा १९४४ मधला चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. संत सावता माळ्याच्या त्या चित्राला मास्टर कृष्णरावांचा गळा लाभला होता; दिग्दर्शक गद्य घराण्यातला आणि नायक गवई, असा तो योग. दिग्दर्शक म्हणून त्यांची गणना पहिल्या रांगेत होणार नाही. पुढे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये ते दिसले आणि १९५५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये मंगल महाराज झाले. नृत्याला वाहून घेतलेल्या मुलाचा तो कठोर गुरू आणि पिता. टेक्निकलरचे रंग, गोपीकृष्णांचे नृत्य आणि संध्येचे अलंकार यांच्या त्या झगमगाटात पांढऱ्या केसांचा हा माणूस बोलू लागला की डोळे क्षणभर विसावतात. सगळीकडे गाणे आणि घुंगरू, आणि मध्ये एक न गाणारा. चोवीस वर्षांपूर्वी ‘आलम आरा’च्या वेळी जो न्याय होता तोच येथेही होता.

१३ सप्टेंबर १९७१ रोजी केशवराव गेले. त्यांच्या नाट्यजीवनातील पहिल्या पंचवीस वर्षांचे काम आता कोणालाच पाहता येणार नाही; रंगभूमीवरचे काम पडदा पडला की संपते. जे उरले ते फिल्मवर, आणि फिल्मही अमर नाही. प्रभातच्या स्टुडिओच्या जागी १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच आवारातील गोदामात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि कित्येक जुनी चित्रे राख झाली. नायट्रेट फिल्म ही जात्याच ज्वालाग्राही, थंड जागेत जपली नाही तर आपोआपही पेट घेणारी. ‘कुंकू’ आणि ‘शेजारी’ सुदैवाने दुसऱ्या प्रतींतून वाचले आहेत.

सुटीच्या दिवशी घरातल्या मंडळींना ते पाहण्याचा योग आला, तर ‘कुंकू’चा आरशाचा प्रसंग एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा आणि मग पाहावा. आणि जमल्यास ‘शेजारी’ व ‘पडोसी’ एकाच आठवड्यात पाहावेत, आधी कोणताही चालेल.